सरकारी शिक्का आणि समुद्रापारचा संसार

पेशवाईतील कागदपत्रे चाळीत असता ‘दस्तक’ हा शब्द वारंवार दृष्टीस पडतो. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाणाऱ्या माणसाला, त्याच्या बैलांना आणि मालाला वाटेतील चौकीवर कोणी अडवू नये, अशी ताकीद देणारा तो कागद असे. म्हणजे दस्तकाचा हेतू वाट मोकळी करण्याचा होता. आज ज्याला आपण व्हिसा म्हणतो त्याचा लॅटिन भाषेतील मूळ अर्थही असाच निरुपद्रवी आहे: ‘पाहिलेला कागद’, एवढाच. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या पाहिलेल्या कागदाने मोठेच सामर्थ्य संपादन केले आहे. व्यापारी, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांना तो लागतोच. पण पती एका देशात आणि पत्नी दुसऱ्या देशात अशी जेथे स्थिती असते, तेथे तो संसाराचाच एक भाग होऊन बसतो. विवाह दोघांच्या संमतीने होतो, घरच्यांच्या आशीर्वादाने साजरा होतो. मात्र त्या दोघांनी एका छपराखाली किती दिवस राहावे, हे ठरविण्यास एक तिसरा पक्ष हजर असतो. तो पक्ष म्हणजे सरकार.

हा तिसरा पक्ष दांपत्याच्या आयुष्यात केव्हा आला, कसा आला, आणि त्याच्या हातची किल्ली हळूहळू कशी बदलत गेली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण बराचसा करुणही आहे. सोलापूर शहराला या इतिहासाशी विशेष नाते आहे. कारण या शहराच्या एका सुपुत्राचा संसार चीनमधील डोंगराळ मुलखात उभा राहिला, आणि तेथेच एक वर्ष व चौदा दिवसांत संपला. पण त्या कथेकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

इ. स. १८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पती गोपाळराव पोस्टखात्याच्या नोकरीत असल्यामुळे मागे राहिले. या प्रवासास अडथळे थोडे नव्हते. पैशाची विवंचना होती. समुद्र ओलांडणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याची भीती होती. एकट्या स्त्रीने परदेशी जावे ही कल्पनाच लोकांस सहन होत नव्हती. श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन आपण अमेरिकेस का जातो हे आनंदीबाईंना समाजास समजावून सांगावे लागले. तथापि या अडथळ्यांच्या यादीत व्हिसा कोठेही नाही. पुढे गोपाळराव स्वतः अमेरिकेस गेले आणि १८८६ च्या मार्चमध्ये पत्नीच्या पदवीदानास हजर राहिले. पत्नीला भेटावयास जाण्यासाठी ‘आमचा विवाह खरा आहे’ हे त्यांना कोणत्याही कचेरीत सिद्ध करावे लागले नाही. त्या काळी दार अडवी ती जात आणि गरिबी. सरकारने अजून दारात खुर्ची टाकली नव्हती.

निदान हिंदी माणसापुरती टाकली नव्हती, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कारण आनंदीबाई अमेरिकेस पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा अमेरिकेने केला होता. आणि १८८४ मध्ये मजुराच्या पत्नीलाही तीच मनाई लागू आहे असा न्यायालयाचा निर्णय झाला. नवरा आत आणि बायको बाहेर, या आधुनिक दुःखाचा पहिला अनुभव मोठ्या प्रमाणावर चिनी कुटुंबांनी घेतला. पुढे तो हिंदी लोकांच्याही वाट्यास आला. दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या मार्चमध्ये केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला की, ख्रिस्ती विधीने न झालेले आणि सरकारदरबारी न नोंदलेले विवाह तेथील कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हेत. हिंदुस्थानातून पतीकडे येणाऱ्या स्त्रीला यामुळे बंदरावरच अडविता येऊ लागले. एका वाक्यासरशी हजारो धर्मपत्नींचे पत्नीपण नाहीसे झाले. या निकालाने स्त्रिया खवळून उठल्या. कस्तुरबा गांधींनी तुरुंगवास पत्करला तो याच लढ्यात. १९१४ च्या कायद्याने एकपत्नीक हिंदी विवाहांस तेथे मान्यता मिळाली तेव्हा हे प्रकरण मिटले.

कॅनडात तर एकाच सलग प्रवासाने न येणाऱ्यास मज्जाव करणारा नियम १९०८ पासून होता. हिंदुस्थानातून थेट जाणारी बोटच नसल्यामुळे तो नियम शब्दांत निःपक्षपाती आणि परिणामात निखालस बंदी असा होता. पंजाबातील शेकडो पुरुष तेथे राबत होते आणि त्यांच्या बायका गावी दिवस मोजीत होत्या. अखेर १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेने असा ठराव केला की, वसाहतींत कायमच्या वसलेल्या हिंदी लोकांना आपली एक पत्नी आणि अज्ञान मुले आणू द्यावी. साम्राज्याच्या सर्वोच्च परिषदेत बायकोला नवऱ्याजवळ जाऊ द्यावे की नाही याचा खल व्हावा, यावरून काळ किती पालटला होता हे दिसून येते.

हा पालट घडविला तो पहिल्या महायुद्धाने. १९१४ पूर्वी पासपोर्टावाचून जगातील पुष्कळशा देशांत हिंडता येत असे. युद्ध सुरू होताच प्रत्येक राष्ट्राला प्रत्येक परका मनुष्य हेर वाटू लागला, आणि युद्धापुरते म्हणून घातलेले निर्बंध युद्ध संपल्यावर कायम झाले. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. मौज अशी की, हा कायदा देशात येणाऱ्यासंबंधी होता. देशाबाहेर जाणाऱ्याने पासपोर्ट घेतलाच पाहिजे असे त्यात म्हटलेले नव्हते. परंतु पासपोर्टावाचून गेलेला मनुष्य परत कसा येणार? आणि अशा उतारूला बोटीवर घेऊन कंपनीने नसती जबाबदारी का पत्करावी? त्यामुळे व्यवहारात बाहेरचे दारही सरकारच्या हाती गेले. पासपोर्टावर कोणकोणत्या देशांस जाता येईल त्यांची नावे लिहिलेली असत. तो देणे न देणे ही सर्वस्वी सरकारची मर्जी. नाकारल्यास कारण सांगण्याचे बंधन नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९३८ सालातील एका घटनेकडे पाहिले पाहिजे. जपानने चीनवर आक्रमण केले होते. चिनी सेनानी चू-तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. त्या वर्षीचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांस आवाहन केले, वर्गणी गोळा झाली, आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. यांपैकी डॉ. बसूंची निवड आयत्या वेळची. त्यांच्या जागी प्रथम डॉ. रणेन सेन यांचे नाव होते. पण त्यांच्या राजकीय मतांमुळे सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. एका कागदाने एका डॉक्टरास मागे ठेवले आणि दुसऱ्यास इतिहासात नेले.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव, चादरींचे गाव. आणि १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा पाहिलेले गाव. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले तेव्हा द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाचा विचार चालू असताच चीनला जाण्याची संधी आली आणि त्यांनी ती घेतली. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले, आणि त्याच महिन्यात कँटनला पोहोचले. तेथे श्रीमती सन-यत्-सेन यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे कँटन पडले, हँको पडले. पथक चुंगकिंगला गेले आणि १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. मध्यंतरी वडील वारल्याची बातमी द्वारकानाथांस कळली. घरी परतण्यास याहून सबळ कारण कोणते? तथापि हाती घेतलेले काम पुरे झाल्यावाचून परतावयाचे नाही असा निश्चय त्यांनी केला. डॉ. मुकर्जी प्रकृतीच्या कारणास्तव परतले, नंतर डॉ. चोळकर परतले, डॉ. अटल परतले. कोटणीस आणि बसू राहिले.

कॅनडाचे शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून हे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत असता रक्तदोष होऊन १९३९ च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यांच्या नावाने चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या आरंभी डॉ. कोटणीसांकडे आले. चिनी लोक त्यांना के दी-हुआ या नावाने ओळखू लागले. चिनी भाषा ते बोलू लागलेच होते. याच संस्थेत क्वो छिंग-लान ही परिचारिका शिकविण्याचे काम करी. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात या दोघांची पहिली भेट झाली असे सांगतात. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी पुत्र झाला, आणि सेनापती नी रुंग-चेन यांनी त्याचे नाव यिन-हुआ असे ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देशांची नावे एका बालकाच्या नावात अशी जोडली गेली.

या ठिकाणी कायद्याची एक बाजू सांगितली पाहिजे. ती सहसा कोणी सांगत नाही. सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही विवाहाबरोबरच ब्रिटिश प्रजाजन मानली जाई. तिला अर्ज करावा लागत नसे, वर्षे मोजावी लागत नसत. हा काही स्त्रीजातीवरचा उपकार नव्हता. पत्नीला स्वतःचे असे राष्ट्रीयत्वच नाही, पतीचे तेच तिचे, अशी ती समजूत होती. आणि त्याच समजुतीने परक्याशी लग्न करणारी इंग्रज स्त्री आपले राष्ट्रीयत्व गमावीत असे. पण त्या समजुतीचा एक परिणाम असा की, विवाह वैध धरल्यास, क्वो छिंग-लान ही २५ नोव्हेंबर १९४१ पासून कागदोपत्री सोलापूरकर पतीच्या देशाची प्रजाजन ठरत होती, आणि तिचा मुलगाही जन्मतः तसाच ठरत होता. हिंदुस्थानात येण्यास तिला परक्या स्त्रीप्रमाणे व्हिसाची याचना करावी लागली नसती. पण जपानी सैन्याच्या वेढ्यातील त्या डोंगराळ मुलखात ब्रिटिश वकिलातीची नोंदवही कोण घेऊन जाणार? विवाह नोंदणारा अधिकारी नाही, दाखला नाही, पासपोर्ट देणारी कचेरी नाही. हक्क पुस्तकात होता आणि माणसे डोंगरात होती. कायद्याने दार उघडे असूनही दारापर्यंत पोहोचता येऊ नये, असा तो प्रसंग.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. अतिश्रमाने द्वारकानाथांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपस्माराचे झटके येत. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते, आणि मूल साडेतीन महिन्यांचे. डॉ. बसू १९४३ साली परतले. पाच गेले होते, चार आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी परत न आलेल्या या पाचव्या डॉक्टरावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. त्यात शांतारामांनी कोटणीसांची आणि जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका केली. ज्या सुनेला सासरचा उंबरठा विवाहाच्या वेळी ओलांडता आला नाही, ती अशा रीतीने पडद्यावर मात्र हिंदुस्थानातील गावोगावी पोहोचली.

स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान आणि नवा चीन यांच्यात १९५० साली राजदूतांची देवघेव झाली. मैत्रीच्या त्या दिवसांत कोटणीसांचे नाव दोन्ही देशांत आदराने घेतले जाई. क्वो छिंग-लान अनेकदा भारतात येऊन गेल्या, कोटणीस कुटुंबीयांस भेटल्या. परंतु या भेटी दोन सरकारांच्या मैत्रीच्या भेटी होत्या. सून घरी येते तशा त्या नव्हत्या. मैत्री असे तेव्हा दार उघडे, मैत्री सरली की दार बंद. १९६२ च्या युद्धात हे स्पष्ट झाले. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्या वर्षी झालेल्या कायद्याची व्याख्या अशी होती की, ज्याचे आई-बाप किंवा आजा-आजी यांपैकी कोणीही शत्रुराष्ट्राचा नागरिक असेल तोही त्या निर्बंधांत यावा. या व्याख्येप्रमाणे पाहिल्यास ‘भारत-चीन’ असेच नाव असलेला डॉ. कोटणीसांचा मुलगा त्या दिवसांत वडिलांच्या गावी राहात असता तर तोही संशयिताच्या यादीत गेला असता. यिन-हुआने वडिलांप्रमाणे वैद्यकीचा अभ्यास धरला. पण शिक्षण पुरे होण्याच्या सुमारासच १९६७ साली तो मरण पावला. दोन्ही देशांत राजदूत पुन्हा नेमले गेले ते १९७६ साली.

कोणी म्हणेल, हा युद्धाचा व राजकारणाचा विशेष प्रसंग झाला. पण स्वदेशाचे दार स्वदेशीयासही बंद असू शकते, याचे उदाहरण विदर्भात आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी तरुणपणी देशाबाहेर पडले. अमेरिका, इराण असा प्रवास करीत ते मेक्सिकोत स्थायिक झाले. मक्याच्या व गव्हाच्या संशोधनाबद्दल तेथे त्यांची कीर्ती झाली, आणि १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. इंग्रज सरकारने त्यांना परत येऊ दिले नाही. देश स्वतंत्र झाल्यावर तरी मार्ग मोकळा व्हावा. पण इंग्रजांनी घातलेली बंदी दप्तरात तशीच होती, आणि तिच्यामुळे त्यांचा अर्ज प्रथम नाकारला गेला. नंतर चूक दुरुस्त झाली आणि ते नागपूरला येऊन राहिले. १९६७ साली तेथेच वारले. राज्यकर्ते बदलले तरी यादी बदलत नाही, कारण यादी राखणारी कचेरी तीच असते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राच्या दाराशीही असाच एक प्रकार घडला. सावंतवाडीची मुलगी पेडण्यास द्यावी, डिचोलीची सून दोडामार्गात यावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पण १९५५ साली भारताने गोव्याशी संबंध तोडले, पणजीची वकिलात बंद केली, आणि एका भाषेच्या, एका कुळाच्या माणसांमध्ये परवान्यांची भिंत उभी राहिली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ती पडली. माहेर आणि सासर यांमधील अंतर कोसांत मोजावयाचे असते. ते शिक्क्यांत मोजण्याची पाळी त्या सहा वर्षांत आली.

आता कायद्याचा प्रवाह पुढे कसा वाहिला ते पाहू. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने जुनी समजूत टाकून दिली. पत्नी ही पतीची सावली नव्हे. तिचे नागरिकत्व तिचे स्वतःचे. तत्त्व म्हणून हे निःसंशय श्रेष्ठ. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, भारतीयाशी विवाह केलेली परदेशी व्यक्ती विवाहाने आपोआप नागरिक होत नाही. तिला नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. ही सवलत प्रथम केवळ स्त्रियांना होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पुरुषांनाही मिळाली आणि तिला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट जोडली गेली. २००३ च्या दुरुस्तीने ती अट सात वर्षांची झाली. तोपर्यंत काय करावयाचे? तोपर्यंत व्हिसा. म्हणजे स्त्रीला व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच पावलाने ती सासरी पाहुणी ठरली. इतिहासात लाभ आणि हानी अशा एकाच ताटात वाढून येतात.

बाहेर जाण्याच्या हक्काचा निर्णय १९६७ साली लागला. सतवंतसिंग सॉनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, आणि पासपोर्ट देणे ही सरकारची लहर असू शकत नाही. त्यानंतर लगेच पासपोर्टाचा नवा कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने यापुढे पाऊल टाकून, पासपोर्ट काढून घेताना सरकारची रीत न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे असे ठरविले. डॉ. रणेन सेन यांना १९३८ साली जे मिळाले नाही, ते आता प्रत्येक नागरिकाचे झाले. परदेशी झालेल्या विवाहांची अडचणही दूर झाली. १९६९ च्या विवाहविषयक कायद्याने परदेशांतील भारतीय वकिलातींत विवाह लावण्याची व नोंदण्याची सोय केली. जी नोंदवही १९४१ साली चीनच्या डोंगरात पोहोचली नाही, ती आता वकिलातीच्या मेजावर असते.

प्रवेशाची किल्लीही निराळी झाली. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा ही एका फेरीची किल्ली. दार उघडले की ती तेथेच मोडते. परदेशी सून वा जावई काही कामासाठी चार दिवस माहेरी गेला की पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा प्रतीक्षा. याच्या उलट दीर्घ मुदतीचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा ही खिशात ठेवावयाची किल्ली होय. मुदत आहे तोवर जावे, यावे. भारतीयांच्या परदेशी पती-पत्नींसाठी पाच वर्षांपर्यंतचा असा व्हिसा मिळण्याची सोय आहे. सलग १८० दिवसांहून अधिक राहावयाचे झाल्यास परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीत नाव नोंदविणे मात्र सांभाळावे लागते. याहूनही मोठी सोय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड. त्याची योजना २००५-०६ साली निघाली. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने तिचे नियम स्पष्ट झाले. विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असल्यास परदेशी जोडीदारास हे कार्ड मागता येते. ते म्हणजे आजन्म चालणारा, वाटेल तितक्या वेळा प्रवेश देणारा व्हिसाच. मतदानाचा हक्क त्याने मिळत नाही. पाकिस्तान किंवा बांगलादेश यांचे नागरिक असलेल्या वा पूर्वी असलेल्या व्यक्तींना ते मिळत नाही. म्हणजे विवाह सारखा असला तरी सासर कोणत्या देशाचे आणि माहेर कोणत्या देशाचे यावर किल्लीचा आकार अवलंबून राहतो.

दुसऱ्या बाजूची, म्हणजे आपल्याकडून परदेशी जोडीदारास भेटावयास जाणाऱ्यांची स्थिती अशीच संमिश्र आहे. अमेरिका भारतीयांस दहा वर्षांपर्यंतचा भेटीचा व्हिसा देते. ब्रिटनचा भेटीचा व्हिसा दोन, पाच वा दहा वर्षांसाठी मिळू शकतो, पण एका वेळी सामान्यतः सहा महिन्यांहून अधिक राहता येत नाही. युरोपातील शेंगेन देशांनी २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी पायरी बांधून दिली आहे: मागील तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरल्यास दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा. तरीही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच वस्ती. चीनने २०१३ पासून नातेवाइकांसाठी दोन निराळे वर्ग केले आहेत. एक दीर्घकाळ राहावयास येणाऱ्यांसाठी, दुसरा अल्पकाळ भेटीस येणाऱ्यांसाठी.

येथे एक गोष्ट श्रोत्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. भेटीचा व्हिसा मागणाऱ्या पती-पत्नीस दोन गोष्टी एकदम सिद्ध कराव्या लागतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. विवाह खरा आहे, दोघांचा जीव एकमेकांत गुंतलेला आहे, हे दाखविण्यासाठी विवाहाचा दाखला, छायाचित्रे, पत्रव्यवहार. आणि त्याच वेळी, मुदत संपताच मी निमूटपणे परत येईन, हे दाखविण्यासाठी नोकरीचे पत्र, घराचे कागद, बँकेचे पुस्तक. प्रेम इतके की भेटीवाचून राहवत नाही, आणि इतके नव्हे की मुदतीनंतर तेथेच राहावे! पूर्वीच्या नव्या सुनेला सासरी सिद्ध करावे लागे ते एकच. आताच्या जोडप्यास दोन देशांपुढे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

आणि किल्ली खिशात असली तरी कुलूप बदलता येते, हे २०२० साली सर्व जगाने अनुभवले. महामारी पसरताच भारताने मार्चमध्ये बहुतेक व्हिसा स्थगित केले. चीनने २८ मार्च २०२० पासून, चालू व्हिसा व राहण्याचे परवाने असलेल्या परदेशीयांनाही दार लावले. पाच वर्षांचे आणि दहा वर्षांचे शिक्के पासपोर्टांत तसेच राहिले आणि माणसे आपापल्या बाजूस राहिली. चिनी प्रवाशांना भारताचे पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागण्यास २०२५ चा जुलै उजाडावा लागला. १९२० चा तो पासपोर्ट कायदा, ज्याच्या छायेत कोटणीसांचे पथक गेले, तो जवळजवळ १०५ वर्षे चालला आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या कायद्याने रद्द झाला. ‘राजपुताना’ बोट मुंबईहून सुटली तीही १ सप्टेंबर याच तारखेस. योगायोगच खरा, परंतु नवा कायदाही परकीयाचा प्रवेश हा त्याचा हक्क मानीत नाही, सरकारची अनुज्ञाच मानतो.

या सर्व इतिहासाचे सार काय? आपल्या देशातून बाहेर पडणे हा मनुष्याचा हक्क आहे, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले. परंतु दुसऱ्याच्या देशात पाऊल टाकणे ही त्या देशाची कृपाच राहिली. विवाह या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो एका देशाच्या कायद्याने होतो आणि दुसऱ्या देशाच्या कृपेने जगतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसाने ही कृपा लांबविली, वारंवार मागावयाचा अपमान कमी केला. हे सामान्य उपकार नव्हेत. पण कृपेचे रूपांतर हक्कात व्हावयाचे अजून बाकी आहे. ज्या देशांनी पती-पत्नींस एकत्र राहू देणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे, तेथेही उत्पन्नाच्या, भाषेच्या आणि प्रतीक्षेच्या अटी आहेतच. ही वाट पुरी चालून जावयाची आहे.

आज सोलापुरात टपालखात्याच्या इमारतीतच पासपोर्टाचे केंद्र आहे. गावातील अनेक घरांतील मुलगे, मुली, सुना, जावई देशोदेशी आहेत. डॉ. कोटणीसांच्या जन्मघराच्या जागी महानगरपालिकेने उभारलेले स्मारक २०१२ च्या जानेवारीत खुले झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये क्वो छिंग-लान यांचे चीनमध्ये वृद्धापकाळाने निधन झाले. द्वारकानाथांची समाधी शिजियाझुआंग येथे आहे. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपालाची तिकिटे काढली. दोन देशांच्या सरकारांनी मारलेले ते शिक्के पत्रांना सुखरूप पलीकडे पोहोचवीत होते. माणसांना तितक्याच विनासायास पोहोचविणारा शिक्का त्या दांपत्याच्या वाट्यास आला नाही. तो पुढील पिढ्यांतील दांपत्यांच्या वाट्यास थोडाबहुत आला आहे. त्याचे मोल किती, हे ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्या कथेवरूनच कळते.